ऐकण्यातील समता

माळव्यात धारहून मांडवगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नालछा नावाचे एक गाव लागते. मांडवगडच्या सुलतानांच्या काळातील पडक्या वास्तू त्याच्या आसमंतात आजही उभ्या आहेत. मराठी माणसाला हा मुलूख सर्वस्वी परका नाही. १९४८ साली मध्य भारतात विलीन होईपर्यंत येथे धारच्या पवारांचे राज्य होते. तथापि रूपमती आणि बाजबहादूर यांच्या कथा मनात घोळवीत मांडवगडाकडे निघालेला प्रवासी नालछ्याला क्वचितच थांबतो, आणि थांबलाच तर तेथील बाजारात कानांवर पडणारी बोली त्याला दुर्बोध वाटते. ही बोली भिल्ल आणि भिलाला समाजाची. धार जिल्ह्याच्या लोकसंख्येत २०११ च्या जनगणनेप्रमाणे निम्म्याहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत. ज्यांना प्रवासी ‘रानातले लोक’ म्हणून बाजूला सारतो, तेच संख्येने त्या जिल्ह्याचे प्रमुख रहिवासी होत.

या नालछ्याचे नाव भाषेच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावे असे एक कारण आहे. भारत सरकारने २००६ साली सामुदायिक नभोवाणीचे धोरण व्यापक केले आणि शिक्षणसंस्थांप्रमाणेच लोकसेवी संस्थांनाही लहान ध्वनिक्षेपण केंद्रे चालविण्याची मुभा दिली. अशा केंद्राची शक्ती शंभर वॅटपर्यंत, मनोरा तीस मीटरपर्यंत, आणि आवाजाचा पल्ला पंचक्रोशीपुरता. मात्र निदान निम्मे कार्यक्रम त्याच परिसरात तयार झालेले असावेत, अशी अट आहे. महाराष्ट्रात म्हसवड येथे २००८ साली माणदेशातील स्त्रियांसाठी असे केंद्र सुरू झाले. मध्य प्रदेशात आदिवासी कल्याण विभागाच्या ‘वन्या’ या संस्थेने २०११ पासून पुढील काही वर्षांत आदिवासी भागांत अशी केंद्रे उघडली. खंडवा जिल्ह्यातील खालवा येथे कोरकू, दिंडोरी जिल्ह्यातील चाडा येथे बैगांची बोली, आलिराजपूर जिल्ह्यातील भाबरा येथे भिली. आणि धार जिल्ह्यातील नालछा येथेही भिलीच.

ज्या बोलीला शाळेच्या फळ्यावर कधी जागा मिळाली नाही, ती बोली यंत्रातून, निवेदकाच्या तोंडून, वेळापत्रकानुसार ऐकू येऊ लागली. शहरातल्या माणसाला ही गोष्ट किरकोळ वाटेल. परंतु ध्वनिमुद्रित भाषणाचा उपयोग भाषेच्या वर्गात कसा करावा, आणि त्यातून माणसामाणसांविषयीचे साचेबंद समज कसे तपासावेत, या प्रश्नाचा धागा येथेच हाती लागतो.

साचेबंद समज म्हणजे काय? माणूस पाहण्यापूर्वीच त्याच्याविषयी बांधलेला अदमास. भिल्ल म्हटला की तीरकमठा, दारू आणि वाटमारी. बाई म्हटली की चूल आणि चुगली. खेडूत म्हटला की भोळेपणा. हे समज डोळ्यांनी शिकले जातात असे आपण मानतो. वास्तविक त्यांतील कितीतरी कानांनी शिकले जातात. आपल्या नाटकांत आणि चित्रपटांत पिढ्यान्‌पिढ्या मालक प्रमाण मराठी बोलत आला आणि गडी बोलीत बोलत आला. हसू आणावयाचे असेल तेव्हा लेखकाने बोली वापरली, विचार सांगावयाचा असेल तेव्हा पुस्तकी भाषा. ऐकणाऱ्या मुलाला कोणी उघड धडा दिला नाही. पण बोली म्हणजे अज्ञान, हे त्याच्या कानाने पाठ केले.

कानाच्या या पूर्वग्रहाचा एक प्रसिद्ध पुरावा कॅनडा देशातील आहे. मॉन्ट्रियल शहरात वॉलेस लँबर्ट या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. त्याचा वृत्तांत १९६० साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषा उत्तम जाणणाऱ्या काही व्यक्तींकडून त्यांनी एकच मजकूर दोन्ही भाषांत वाचून घेतला आणि ध्वनिमुद्रित केला. ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांना मात्र हे वेगवेगळे वक्ते आहेत असेच वाटले. प्रत्येक आवाजावरून त्या माणसाचे गुण सांगा, असे त्यांना सांगण्यात आले. तोच माणूस इंग्रजीत बोलला तेव्हा त्याला बुद्धी, रूप, एवढेच काय, शरीराची उंचीसुद्धा अधिक मिळाली. फ्रेंच बोलताच त्याचे मोल उतरले. सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट पुढेच आहे. ज्यांची मातृभाषा फ्रेंच होती त्या विद्यार्थ्यांनीही इंग्रजी आवाजालाच झुकते माप दिले. ज्याच्यावर शिक्का मारला जातो तोही कालांतराने तो शिक्का खरा मानू लागतो. भिल्ल मुलगा वर्गात आपल्या आईची भाषा बोलावयास लाजतो, त्याचे मूळ येथे आहे.

आपल्याकडे असा प्रयोग करावयास दूर जाण्याचे कारण नाही. एक साधा शब्द पुरेसा आहे. पुण्यामुंबईकडे कोणी ‘पाणी’ या शब्दाऐवजी ‘पानी’ म्हणाला, तर ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते; हा माणूस शिकलेला नाही, असे मनात येऊन जाते. आता नर्मदा ओलांडून माळव्यात जावे. तेथे शाळेची भाषा हिंदी, आणि हिंदीत शुद्ध शब्द ‘पानी’. माळवी बोलणारा शेतकरी मात्र ‘पाणी’ म्हणतो, आणि तेथे त्या ‘णी’लाच गावंढळ ठरविले जाते. जो उच्चार एका गावी विद्येची खूण, तोच दुसऱ्या गावी अडाणीपणाची! तेव्हा दोष ‘न’चा नव्हे आणि ‘ण’चाही नव्हे. तो उच्चार कोणाच्या तोंडून येतो, आणि त्या माणसाला समाजाने कोणत्या पायरीवर बसविले आहे, याचा निवाडा आपला कान करीत असतो. आणि त्या निवाड्याला आपण ‘शुद्धाशुद्ध’ असे नाव देतो.

दुसरे उदाहरण भिलीचेच घ्यावे. तिच्या अनेक पोटबोलींत ‘स’च्या जागी ‘ह’ येतो. ‘सात’ हा अंक मोजताना मूल ‘हात’ म्हणते, आणि वर्ग हसतो. परंतु संस्कृत ‘सप्त’ या शब्दाचा फारशीतील सगोत्र शब्द ‘हफ्त’ असा आहे. त्यापासून झालेला ‘हप्ता’ हा शब्द प्रत्येक मराठी माणूस महिन्याकाठी एकदा तरी उच्चारतो. तेथे ‘स’चा ‘ह’ झाला म्हणून कोणी हसत नाही. इराणच्या राजदरबारात जे रूप मान्य, ते विंध्याच्या उतारावर हास्यास्पद ठरावे, याला व्याकरणात आधार नाही. गेल्या शतकाच्या आरंभी जॉर्ज ग्रिअर्सन यांनी हिंदुस्थानच्या भाषांची जी पाहणी प्रसिद्ध केली, तीत भिली बोलींना स्वतंत्र भाग दिला आहे. गुजराती आणि राजस्थानी यांच्याशी त्यांचे नाते जवळचे आहे, हेही त्यांनी दाखविले. भिली ही मोडकी हिंदी नव्हे. तिला तिचे नियम आहेत. २०११ च्या जनगणनेत भिली आणि तिच्या पोटबोली या सदराखाली १ कोटी ४ लाखांवर लोकांची नोंद झाली. तरीही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिचे नाव नाही.

ग्रिअर्सन यांच्या कार्याशी निगडित आणखी एक प्रकरण या विषयात मोलाचे आहे. १९१३ ते १९२९ या काळात हिंदुस्थानातील ९७ भाषा व बोलींचे २४२ नमुने ग्रामोफोनच्या तबकड्यांवर घेतले गेले. त्यांतील पुष्कळ भाषांसाठी एकच कथा निवडली होती. ती म्हणजे लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राची. वाट्याची मालमत्ता घेऊन घर सोडणारा, सर्वस्व गमावून परतणारा मुलगा, आणि दुरून त्याला पाहताच धावत जाऊन मिठी मारणारा बाप. ही कथा राजधानीच्या भाषेत सांगितली काय आणि डोंगरातल्या बोलीत सांगितली काय, बापाची माया कमी होत नाही. ज्या भाषेला लिपी नाही तिच्यातही पश्चात्ताप सांगता येतो, क्षमा सांगता येते आणि थोरल्या भावाचा मत्सरही सांगता येतो. सर्व भाषा माणसाच्या अंतःकरणाला सारख्याच पुरतात, याची इतकी उघड साक्ष दुसरी मिळणे कठीण.

पण त्या तबकड्यांची उणीवही सांगितली पाहिजे. तेथे बोलणारा माणूस सरकारी यंत्रणेने आणलेला होता आणि बोलावयाचा मजकूर बहुधा ठरलेला होता. त्याला स्वतःचे काय सांगावयाचे आहे, हे कोणी विचारले नाही. त्याचा आवाज जतन झाला. त्याचे म्हणणे राहून गेले. वर्गात आणलेले ध्वनिमुद्रित भाषणही या दोन्ही प्रकारचे असू शकते. नमुना म्हणून ऐकलेला आवाज आणि माणूस म्हणून ऐकलेला आवाज, यांत मोठे अंतर आहे.

मग भाषेच्या शिक्षकाने काय करावे? प्रथम त्याने चार-पाच मिनिटांचे एखादे भाषण निवडावे. वक्त्याचे नाव, गाव, व्यवसाय काहीही न सांगता ते एकदा ऐकवावे. मग विद्यार्थ्यांना लिहावयास सांगावे: हा वक्ता किती वयाचा, कोणता धंदा करणारा, किती शिकलेला, स्वभावाने कसा? मुले न कचरता लिहितात. दुसऱ्यांदा तेच भाषण ऐकवून दुसरा प्रश्न विचारावा: वक्ता काय म्हणाला? त्याचे म्हणणे तीन-चार वाक्यांत मांडा. येथे पुष्कळांची लेखणी अडखळेल, कारण पहिल्या वेळी त्यांनी माणूस मोजला होता, बोलणे ऐकलेच नव्हते. तिसऱ्यांदा ऐकविण्यापूर्वी वक्त्याची ओळख सांगावी आणि मुलांनी स्वतःच्या पहिल्या टिपणाशी ती ताडून पाहावी. शिक्षकाने उपदेश करण्याची आवश्यकता उरत नाही. बोललेला शब्द वाऱ्यावर जातो, पण ध्वनिमुद्रित शब्द परत बोलावता येतो. वक्ता खरोखर काय म्हणाला आणि आपल्या कानाने पदरचे काय घातले, हे एकाच घटकेत निवडून दाखविता येते. छापील धड्याला हे साधत नाही.

विषयही असे निवडावेत की ज्यांविषयी समज आधीच घट्ट झालेले आहेत. भगोरियाचे उदाहरण बोलके आहे. होळीपूर्वी झाबुआ, आलिराजपूर, धार, बडवानी या भागांत भरणाऱ्या या बाजारांविषयी शहरी वृत्तपत्रे वर्षानुवर्षे एकच गोष्ट लिहीत आली: तरुण-तरुणी तेथे गुलाल लावतात आणि पळून जाऊन लग्न करतात. त्या समाजातील शिकलेल्या लोकांनी या चित्राला वेळोवेळी आक्षेप घेतला आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे भगोरिया हा होळीच्या खरेदीचा हाट. लांबच्या पाड्यांवरील आप्तेष्टांनी एकत्र भेटण्याचा, ढोल-मांदळ वाजविण्याचा दिवस. वर्गात प्रथम शहरी निवेदकाने केलेले वर्णन ऐकवावे आणि मागोमाग त्या भागातील एखाद्या वडीलधाऱ्या स्त्रीने किंवा पुरुषाने केलेले. दोघांनी कोणती क्रियापदे वापरली, कोण कोणाविषयी बोलतो आहे, ‘ते लोक’ हा शब्द कोठे येतो आणि ‘आम्ही’ कोठे, एवढे जरी मुलांनी टिपले तरी भाषेचा धडा आणि समतेचा धडा एकाच वेळी होतो. सर्वनामे शिकविण्याची याहून सजीव रीत शोधूनही सापडावयाची नाही.

स्त्रियांच्या आवाजाचीही अशीच परीक्षा घेता येते. बियाणे कसे राखावे, कोणत्या नक्षत्रावर काय पेरावे, याविषयी एखाद्या अनुभवी शेतकरी स्त्रीचे भाषण ऐकवावे. आवाज बाईचा आहे एवढ्यावरून किती मुले ‘पाककृती सांगते आहे’ अशी अपेक्षा धरून बसतात, हे पाहावे. या बाबतीत मराठीपाशी स्वतःचाच एक अनमोल दाखला आहे. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्या खानदेशी बोलीत रचना करीत, आणि घरच्या माणसांनी त्या टिपून ठेवल्या. त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी प्रसिद्ध झाली तेव्हा महाराष्ट्र थक्क झाला. पण थक्क का झाला? निरक्षर, शेतकरी आणि त्यातून स्त्री. अशा व्यक्तीकडून तत्त्वज्ञान ऐकण्याची आपल्या कानाला सवय नव्हती म्हणून. त्या आश्चर्यात आदर होता, तसाच आपला पूर्वग्रहही होता.

आकाशवाणीनेही हे काम काही प्रमाणात केले आहे. १९५५ साली इंदूर केंद्र सुरू झाले. तेथील ग्रामीण कार्यक्रमांतील नंदाजी आणि भेराजी ही जोडी माळवी बोलीत शेतीची माहिती देऊ लागली. खते, बी-बियाणे, रोगराई अशा शास्त्रीय गोष्टी बोलीत सांगता येतात, हे माळव्याने रोज ऐकले. बोली तेथे केवळ हसविण्यासाठी आलेली नव्हती, काही शिकविण्यासाठी आली होती. ऐकणाऱ्या शेतकऱ्याचा मान त्यामुळे वाढला, हे वेगळे सांगावयास नको.

या पद्धतीत धोके नाहीत असे नाही. वर्गात एकच भिल्ल मूल असेल आणि शिक्षकाने भिली भाषण ऐकवून साऱ्या वर्गाच्या नजरा त्याच्याकडे वळविल्या, तर समतेच्या नावाने त्या मुलाचा छळच होईल. म्हणून प्रारंभ नेहमी दुसऱ्याच्या बोलीपासून न करता प्रत्येकाच्या बोलीपासून करावा. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, वसईची कादोडी, माळवी, निमाडी. आणि त्याच रांगेत पुण्याची म्हणून ओळखली जाणारी बोलीसुद्धा बसवावी. प्रमाण भाषा ही सर्वांच्या सोयीसाठी नेमलेली एक बोली आहे. ती अवश्य शिकावी आणि चांगली शिकावी. आदिवासी मुलाला प्रमाण भाषेपासून दूर ठेवणे हाही अन्यायच होय, कारण कचेरी, दवाखाना आणि न्यायालय यांच्या किल्ल्या तिच्यापाशी आहेत. परंतु नवी भाषा देताना जुनी हिसकावून घेण्याचे कारण नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे राज्यघटनेचा अनुच्छेद ३५०-क सांगतो. तो १९५६ सालच्या दुरुस्तीने घटनेत आला. घरची भाषा ओळखणारा एकही आवाज ज्या वर्गात नाही, तेथे सहा वर्षांचे मूल गप्प बसते. गप्प बसते म्हणून मठ्ठ ठरते. मठ्ठ ठरते म्हणून शाळा सोडते. आणि ‘या लोकांना शिकावयाचेच नसते’ हा समज पुन्हा खरा झाल्यासारखा दिसतो. २०११ च्या जनगणनेत धारच्या शेजारच्या आलिराजपूर जिल्ह्यात साक्षरता अवघी ३६ टक्के होती. सबंध देशात सर्वांत कमी. एवढी मोठी किंमत मोजली जात असताना मुलाच्या बोलीचा प्रश्न केवळ भाषेच्या आवडीनिवडीचा राहत नाही.

दुसरी सावधगिरी परवानगीची. आजकाल प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनी हे ध्वनिमुद्रण यंत्रच झाले आहे. म्हणून वाटेल त्याचा आवाज न विचारता टिपावा आणि वर्गात हशा पिकवावा, हे सभ्यतेला सोडून होईल. ज्याचा आवाज घ्यावयाचा त्याला हेतू सांगावा, घेतलेले भाषण त्याला आधी ऐकवावे, आणि त्याने नको म्हटलेला भाग पुसून टाकावा. विद्यार्थ्यांनी एवढे पाळले तरी समतेचा अर्धा पाठ त्यांच्या अंगवळणी पडेल.

उरलेला अर्धा पाठ याहून कठीण आहे. शहादा-नंदुरबारकडचे भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता अनेकांना ठाऊक असेल. आदिवासींचे दुःख इतरांनीच मंचावरून आदिवासींना सांगावे आणि त्यांनी खाली बसून ऐकावे, हा विपर्यास तिने मांडला आहे. ध्वनिमुद्रित भाषणे वर्गात ऐकवून चर्चा करणे चांगले. पण ती सारी चर्चा भिल्लांविषयी, स्त्रियांविषयी, खेडुतांविषयी इतरांनीच केली, तर मंच बदलला नाही असेच होईल. म्हणून ऐकण्याच्या पाठानंतर बोलण्याचा पाठ आला पाहिजे. मुलांनी आपल्या आजीकडून, गावच्या सुताराकडून, दाईकडून, जंगलरक्षकाकडून चार गोष्टी ध्वनिमुद्रित करून आणाव्यात, स्वतःही बोलावे, आणि त्या भाषणांवर प्रश्न विचारण्याचा हक्क जसा शहरातल्या मुलांना असेल, तसाच शहरातल्या भाषणांवर प्रश्न विचारण्याचा हक्क नालछ्याच्या मुलांना असावा. पुण्याची भाषा त्यांना कशी ऐकू येते, बातम्या सांगणारा माणूस त्यांना कोण वाटतो, हेही एकदा नोंदवून घ्यावे. आपले बोलणे इतरांच्या कानाला कसे लागते, हे ज्याने कधी ऐकले नाही, त्याचे भाषाशिक्षण अपुरे आहे.

म्हणूनच नालछ्यासारख्या ठिकाणी भिलीतून ध्वनिक्षेपण व्हावे, याचे महत्त्व लहान नाही. त्याचा आवाज मांडवगडाच्या पलीकडे पोहोचत नसेल. पण शाळेतून परतलेले मूल ज्या भाषेत ‘हात’ म्हणाले म्हणून वर्ग हसला होता, त्याच भाषेत यंत्रातून कोणी आकडे, हवामान आणि बाजारभाव सांगताना ऐकते. त्या क्षणी आपल्या आईच्या भाषेविषयी त्याच्या मनात जो हिशोब मांडला जातो, तो कोणत्याही परिपत्रकाने मांडता आला नसता. अशी भाषणे जतन करणे, ती शाळांना उपलब्ध करून देणे आणि शिक्षकांनी ती धीराने, वारंवार ऐकविणे, एवढे तरी आपल्या हातचे आहे. ज्या दिवशी भाषेच्या वर्गात ‘सात’ आणि ‘हात’ ही एकाच अंकाची दोन रूपे म्हणून शेजारी-शेजारी लिहिली जातील आणि कोणीही हसणार नाही, त्या दिवशी समतेचा पाठ वेगळा शिकवावा लागणार नाही.